विरजणाचा प्रश्न

घर बघायला आलेल्या माणसाला आमचे शेजारी दशरथनाना काय विचारतील, याचा अंदाज कुणालाच येत नसे. पाहुणा गाडीतून उतरून अजून कंबर सरळ करत असायचा, तोच कुंपणापलीकडून आवाज यायचा, "घर घेताय? ब्येस हाय. पर इरजण कुटनं आननार?"

घर नानांचं नव्हे. माढ्याजवळच्या या गावात त्यांच्या घराला लागून असलेलं, बरीच वर्षं कुलूपबंद पडलेलं ते घर. मालक मुलाकडे बंगळूरला गेले ते तिकडचेच झाले, आणि विकायचं काम शकीलभाईंकडे आलं. शकीलभाई कुर्डुवाडीचे. टेम्पो चालवतात आणि जोडीला जागांचे व्यवहार करतात. गिऱ्हाईक शकीलभाईंनी आणायचं आणि नानांनी परत पाठवायचं, असं सगळं सुरळीत चाललं होतं.

पुण्याचं एक तरुण जोडपं आलं होतं म्हणे. त्यांना वीकएंड होम हवं होतं. नानांनी त्याचा अर्थ नीट समजावून घेतला.

"म्हंजी शनवार-रव्वार तुमी हितं. आनि सोमवारी?"

"सोमवारी बंद."

"मंग घर कशाला घेता? अकलूजला चांगलं लॉज हाय की. चादरीबी तेच धुत्यात."

सोलापूरच्या एका डॉक्टरांनी विरजणाच्या प्रश्नाला मोठ्या आत्मविश्वासाने "आम्ही पिशवीतलं दही आणतो" असं उत्तर दिलं. नाना खाटेवरून उठले आणि म्हणाले, "शकील, गाडी वळीव. पावनं निगाल्यात." डॉक्टरांचा एक पाय अजून गाडीतच होता.

एवढ्यानेही कुणी बधलं नाही, तर नाना गावाची ओळख करून द्यायला घ्यायचे. उसाचा पाला पेटला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी कशी पडते, देवळावरचा भोंगा पहाटे कोणत्या खिडकीतून जास्त ऐकू येतो, वगैरे. एका बाईंनी घाबरत घाबरत सापाचं विचारलं. नाना म्हणाले, "न्हाय वो, साप कुटला. एक धामण हाय. पर ती घरचीच हाय." बाई पाणीही न पिता गेल्या.

शेवटी एकदा नाना बाजाराला गेलेले बघून शकीलभाईंनी गुपचूप गिऱ्हाईक आणलं. नाना निम्म्या वाटेवरून परत! त्यांना फोन कुणी केला, ते शकीलभाईंना अजून कळलेलं नाही. मला कळलंय. पण मला याच गावात राहायचंय.

आम्ही आलो ते त्यानंतर. सोलापुरात बँकेत कर्जाची प्रकरणं तपासण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे खेड्यात घर घ्यायचं तर ते मीच घ्यावं, असा माझा समज होता. हितचिंतकांचे सल्ले घेतले. एक म्हणाला पाणी बघ, दुसरा म्हणाला रस्ता बघ, तिसरा म्हणाला उतारा बघ, आणि मेव्हणा म्हणाला जाऊच नका. मी बोअरचं पाणी चाखलं, ग्रामपंचायतीतून उतारा काढला, मोबाईलला रेंज येते का ते प्रत्येक खोलीत, अगदी न्हाणीघरातही उभं राहून तपासलं. दह्याचं मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

"सायेब, इरजण कुटनं आननार?"

मी फ्रीजवर काहीतरी बोलू लागलो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी चालते का ते बघत होती. तिने मागे न वळता सांगून टाकलं, "तुमच्याकडून. शेजार असताना दुसरीकडे कशाला जायचं?"

नाना तिच्या पाठीकडे बघत राहिले. शकीलभाईंनी ती संधी साधून "वा! म्हणजे ठरलं" असं जाहीर केलं. तेव्हा नानांनी हात वर केला.

"थांब रं. सायेब, हिकडं या. ही भिंत वल धरती, पावसाळ्यात हितं धान्य ठिवू नगा. बोर उन्हाळ्यात आटतंय. आटलं की माझ्या हिरीचं पानी घ्या. आनि ही वाट बगा. तुमच्या दारात यायची वाट माझ्या अंगनातनं हाय. कागदावर न्हाय ती. माझ्याकडनं लिवून घ्या."

शकीलभाई खाटेवर बसले. "नाना, हे आजच बोलायचं होतं का?"

"मंग कवा? मी गेल्यावर? उद्या माझ्या जावयानं तार वढली तर ह्यांनी काय उडत यायचं?"

मी त्याच वाटेवर उभा राहून इतका वेळ कागद तपासत होतो. ते असो. वाट रीतसर लिहून झाली, खरेदी झाली आणि आम्ही राहायला आलो. नानांना बारा महिने राहणारा शेजार हवा होता, एवढं आम्हाला कळलं. इतका का हवा होता, ते कळायला उन्हाळा यावा लागला.

सामान लागायच्या आधी नाना पितळी वाटी घेऊन आले. वाटीत दोन चमचे दही आणि वर पळसाचं पान. पुढचा तासभर त्यांनी सुनंदाला दूध विरजायला शिकवलं. तिचा संसार पस्तीस वर्षांचा, पण ती गप्प ऐकून घेत होती. "करंगळी बुडवली की सोसलं पायजे बगा, वैनी. चटका बसला तर लई गरम. काईच वाटलं न्हाय तर लई गार." आणि शेवटी, आवाज बदलून, "सगळं दही कवाच संपवायचं न्हाय. उद्याचं राखायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "लागलं का?"

तेव्हापासून रोज सकाळी, आमचा चहा व्हायच्या आत, "लागलं का?" भांडं बघायचे, थोडं कलतं करायचे, समाधानाने मान हलवायचे आणि जायचे. आमच्या तब्येतीची चौकशी त्यांनी कधी केल्याचं मला आठवत नाही. एकदा हैदराबादहून आमचा मुलगा आला आणि शेंगाचटणी-भाकरीबरोबर भांडं चाटूनपुसून रिकामं करून बसला. नानांना सकाळी ते दिसलं. कडेला ठेवलेल्या रिकाम्या भांड्याकडे ते असे बघत राहिले, की मुलगा मला विचारू लागला, "बाबा, ते दही कुणाचं होतं?" संध्याकाळी नानांनी पुन्हा वाटी आणून दिली. पोराकडे बघत म्हणाले, "शिकल्यालं हाय न्हवं ह्ये?"

नानी जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हशीला नाना बाईसाहेब म्हणत आणि तिचा धाकही तेवढाच बाळगत. लेक नातेपुत्याला, चार दिवस या म्हणून फोन करायची. "बाईसायेबांचं कोन बगंल?" असं म्हणून नाना फोन ठेवायचे. वास्तविक म्हैस बघायला त्यांचा पुतण्या होता. भावकीतल्या लग्नाला अकलूजला गेले तेही स्टीलचा छोटा डबा मांडीवर घेऊन. गेल्या गेल्या आचाऱ्याकडे वाटीभर कोमट दूध मागितलं. नवरीकडच्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी पथ्य असेल. डब्यात दही होतं, आणि मुक्कामीही रोजचं विरजण चुकवायचं नव्हतं. आम्हीही हसलो. माणूस एकटा राहिला की काहीतरी खूळ घेतो, असं मी सुनंदाला म्हणालो.

मे महिन्यात नानांना ऊन लागलं. अंगणातच भोवळ येऊन पडले. लेक आणि जावई गाडी घेऊन आले आणि त्यांना उचलून नातेपुत्याला घेऊन गेले. नाना शुद्धीत होते, पण बोलायला त्राण नव्हतं. गाडीत बसवताना घराकडे हात करत होते. लेकीला वाटलं, कुलूप लावा म्हणताहेत. तिने लावलं.

त्या दिवसांत आमची सकाळ फार विचित्र जाई. चहा व्हायचा, पण कुणी भांडं बघायला येत नसे. सुनंदा मात्र रोज न चुकता विरजण लावत होती. घरात दही खाणारी आम्ही दोनच माणसं. मी म्हटलं, एखादा दिवस राहू दे. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

नाना परत आले ते थेट आपल्या घरात गेले. आम्ही कुंपणाशी जाऊन थांबलो. आत काहीतरी हलवल्याचा आवाज आला. मग नाना बाहेर आले. हातात तीच पितळी वाटी, रिकामी. अंगणातून आमच्या दाराशी आले आणि पायरीखाली उभे राहिले. "लागलं का?" असं त्यांनी विचारलं नाही.

"वैनी," ते म्हणाले, "इरजण हाय का?"

सुनंदाने वाटी भरून आणली. नाना पायरीवर बसले. बोट बुडवून चाखलं आणि डोळे मिटून घेतले.

"तिचंच हाय," ते म्हणाले. "दवाखान्यात न्यायच्या सकाळी तिनं लावून ठिवलं हुतं. म्हनली, संध्याकाळी आल्यावर ताक करते. ती काय आली न्हाय. दही लागलं हुतं झकास. म्या त्यातलंच रोज लावत आलो."

मग वाटीकडे बघत म्हणाले, "पयलं हितल्या शेजाऱ्यांकडंबी असायचं. आमचं नासलं की त्यांच्याकडनं, त्यांचं नासलं की आमच्याकडनं. ह्या घराला कुलूप लागलं आनि एकच गाडगं ऱ्हायलं बगा. त्येच्यावर किती दिस काडायचं? म्हनून इचारत हुतो समद्यास्नी. लोकं हसायची."

या दह्याला मी खूळ म्हटलं होतं, ते आठवून मला फार वाईट वाटलं. सुनंदा पदराने डोळे पुसत होती आणि ते लपवतही नव्हती.

नाना गुडघ्यावर हात टेकून उठले. वाटीवर तळहात झाकून, दूध पहिल्यांदाच आणायला पाठवलेल्या पोरासारखे जपून पावलं टाकत अंगण ओलांडू लागले. निम्म्या वाटेवर थांबले आणि वळले. चेहऱ्यावर एकदम काळजी.

"वैनी, समदं न्हाय न्हवं दिलं? तुमचं उद्याचं ठिवलंय का?"

"ठेवलंय, नाना," सुनंदा म्हणाली. "सकाळी या बघायला."