नारळांचं पोतं आणि सत्तेचाळीस सालची बोट

संध्याकाळी ओहोटी लागली की आमच्या वेळवाडीच्या किनाऱ्यावर एक पंचाहत्तरीचा माणूस खांद्यावर नारळांचं पोतं घेऊन समुद्रात शिरतो. कमरेइतक्या पाण्यापर्यंत जातो, थोडा वेळ मुंबईच्या दिशेला तोंड करून उभा राहतो आणि तेच पोतं घेऊन परत येतो. नारळ कुणाला द्यायचे नसतात, कुणाकडून आणलेलेही नसतात. वाळूवर पोतं टेकवून, धापा टाकत तो म्हणतो, "बंदर तयार आसा. आता सरकारान तयार होवक व्हया."

हे आमचे गुणा दाजी. माझे सख्खे शेजारी. माझं औषधांचं दुकान कट्टा गावच्या बाजारात आहे, पण घर वेळवाडीला, आणि दाजींच्या नि माझ्या अंगणांमध्ये फक्त दगडांचा एक बुटका गडगा. त्यामुळे सरकारच्या सागरी धोरणातली कुठलीही हालचाल मला वर्तमानपत्राच्या आधी गडग्यावरून कळते.

दाजींना तब्येत विचारायची सोय नाही. "दाजी, बरे आसास मां?" असं विचारलं की ते मान हलवतात. "खंयचा बरा! गाळ काढूचा काम परत रखडला." बंदराची प्रकृती उत्तम असेल तर दाजीही उत्तम. एकदा जेटीसाठी मंजुरीची बातमी आली, तर ताप अंगात असताना हे गृहस्थ माडावर चढायला निघाले होते.

त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे "सगळा धोरणात आसा." बांगडा महागला, लाइट गेली, कुणाचं लग्न मोडलं, सगळं धोरणात असतं. दुसरं खूळ टप्प्यांचं. सरकारी आराखडे वाचून वाचून त्यांना कुठलीही गोष्ट एका दमात करवतच नाही. माझ्या दुकानात आले तरी बाकावर बसून जाहीर करतात, "पयलो टप्पो चाय. दुसरो टप्पो औषध." माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, "पयलो टप्पो बाळसा, दुसरो टप्पो शाळा, आनी दीर्घकालीन उद्दिष्ट सुखाचो संसार." बायका हसून हसून लोळल्या. दाजी मात्र गंभीर होते.

औषध म्हणजे गुडघ्यांचं तेल. ते घेताना दरवेळी एकच प्रश्न. "ह्या लावला तर पान्यातसून मानूस उचलान हाडूक येयत मां?" मी म्हणायचो, दाजी, पाण्यातून माणूस उचलून आणण्याबद्दल बाटलीवर काही लिहिलेलं नाही. त्यावर ते बाटली उलटसुलट करून बघत आणि पिशवीत टाकत.

मध्यंतरी मुंबईहून मोटारीसुद्धा घेऊन येणारी मोठी बोट विजयदुर्गाला लागणार अशी बातमी आली. वाडीला वाटलं, आता दाजी नाचतील. ते चक्क रुसले. "विजयदुर्गाक उतराचा, तळेऱ्याक येवचा, थंय गाडी बदलूची! ती काय बोट झाली? ती एस्टीच झाली, फकत खारी!" त्यांना बोट हवी होती ती वेळवाडीलाच. जिथे होड्या ओढून ठेवायलासुद्धा चार माणसं गोळा करावी लागतात, त्या वेळवाडीला.

इंदूकाकी, म्हणजे दाजींचं कुटुंब, पडवीत मासे निवडता निवडता म्हणायच्या, "घराची कौलां गळतत, आनी ह्येंका बंदर व्हया."

आणि मग खरोखरच सरकार वेळवाडीला आलं.

बंदरं आणि जहाजवाहतूक यांचा दोन हजार सत्तेचाळीस सालापर्यंतचा आराखडा गावकऱ्यांना वाचून दाखवायचा आणि त्यांचं म्हणणं ऐकायचं, अशी सभा ठरली. शाळेचं छप्पर उतरवलेलं, म्हणून सभा देवळाच्या सभामंडपात. दाजी सकाळपासून इस्त्रीच्या शर्टात येरझाऱ्या घालत होते. साहेब आले ते तरुण, नम्र, घामाने निथळणारे. त्यांनी चपला बाहेर काढल्या, देवाला नमस्कार केला, गाभाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि कागद वाचू लागले. इथेच घात झाला.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवापुढे उभा राहून गावाचं मागणं मांडतो, दर मागण्यापाशी थांबतो, आणि सगळा गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!" हे लहानपणापासून इतकं अंगात मुरलेलं असतं की त्या मंडपात कुणी ठेक्यात बोलून थांबलं, तर आमच्या तोंडून दुसरा शब्दच निघत नाही.

साहेबांनी वाचलं, "किनारपट्टीचा सर्वांगीण विकास साधण्यात येईल." आणि घाम पुसायला थांबले.

"व्हय म्हाराजा!" खांबाजवळून दाजी म्हणाले.

"सागरी वाहतुकीस चालना देण्यात येईल."

"व्हय म्हाराजा!" आता अर्धा मंडप.

साहेबांचा चेहरा उजळला. इतका पाठिंबा त्यांना कुठल्याच गावात मिळाला नसावा. त्यांचा आवाज चढला, आमचाही चढला. रस्ता येईल, व्हय म्हाराजा. गोदाम येईल, व्हय म्हाराजा. मीही ओरडत होतो, खोटं कशाला सांगू? मजा येत होती. त्याच भरात साहेबांनी वाचलं, "माल साठवणुकीसाठी रापणीच्या वाळूची जागा संपादित करण्यात येईल," आणि मंडप दणाणून गेला, "व्हय म्हाराजा!"

इंदूकाकी ताडकन उठल्या. "अरे मेल्यांनो! कशाक व्हय म्हनलास ता कळला तरी काय? रापण काय देवळात ओडतलास?"

रापण म्हणजे सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावर ओढायचं जाळं. ती वाळू गेली तर आमच्या निम्म्या घरांची चूल गेली. साहेब गोंधळून म्हणाले, "पण आत्ताच तर सर्वांनी एकमुखाने संमती दिलीत." आणि खरी पंचाईत ती नव्हतीच. साहेबांचा कागद बदलता आला असता. देवासमोर म्हटलेलं 'व्हय' मागे कसं घ्यायचं? म्हातारी माणसं भेदरून एकमेकांकडे बघू लागली.

तेव्हा दाजी पुढे झाले. हाफिसातल्या माणसाशी बोलताना ते शुद्ध बोलतात. "महोदय, आपण कागद खाली ठेवा आणि हात जोडा." साहेबांनी मुकाट्याने हात जोडले. दाजींनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो मुंबयचो सायब कागद घेवन तुझ्या दारात इलो. लेकरांनी न आयकताच व्हय म्हटल्यानी. ता चुकला-माकला पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"रस्तो येवचो तो येवं दे, पन रापणीच्या वाळयेक कोनाचो हात लागता नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" एवढा आवाज त्या देवळाने जत्रेलाही ऐकला नसेल.

"आनी जी काय मानसांची बोट येतली, ती ह्याच बंदराक लागूं दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो, आणि आमच्यात साहेबही होते.

नंतर कपाळावरचा घाम पुसत त्यांनी विचारलं, "आजोबा, हे इतिवृत्तात कसं लिहू?"

"'ग्रामस्थांच्या हरकती ऐकून घेण्यात आल्या' असे लिहा. कोणी ऐकल्या ते लिहू नका."

साहेब हसले. मग दाजींनी त्यांना नकाशा उलगडायला लावला. वेळवाडीच्या जागी नुसता निळा रंग होता. दाजींचा चेहरा एवढासा झाला. त्या भल्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, त्याने पेन्सिलीने तिथे एक ठिपका दिला. "प्रवासी थांबा, सूचना म्हणून घेतो. पण आजोबा, हा आराखडा सत्तेचाळीस सालापर्यंतचा आहे हं."

दाजींनी ठिपका बघितला, साल ऐकलंच नाही. संध्याकाळी ते घरोघर जत्रेतलं गुळाचं खाजं वाटत फिरत होते. "ठिपको इलो! पयलो टप्पो झालो!" वाडीतल्या लोकांनी हसत हसत खाजं खाल्लं आणि खरं सांगतो, हसता हसता आम्हीही थोडे थोडे हुरळलो.

त्या गडबडीत मी काकींना गडग्यावरून विचारलं, "काकी, ह्यांना बोट कशाला हवी एवढी? आणि ते नारळांचं पोतं?"

काकी म्हणाल्या, "त्या पोत्यात नारळ नाय रे. आक्का आसा."

मग मला सगळं कळलं. आक्का म्हणजे दाजींची थोरली बहीण, मुंबईला दिलेली. पूर्वी बोटी चालायच्या तेव्हा ती दर मे महिन्यात बोटीने माहेरी यायची. बोट लांब उभी राहायची, माणसं होडीत उतरायची, होडी वाळूला लागायच्या आधीच थांबायची, आणि उरलेलं पाणी ओलांडायला आक्काला दाजींचा खांदा. एका वर्षी ती आली तर अंगणातला तिचा फणस नाही. तिच्या जन्माच्या वेळी आईने लावलेला. दाजींनी तिला न विचारता तोडून घराचा दरवाजा केला होता. आक्का दुसऱ्याच दिवशी परत निघाली. पाण्याशी दाजी रागाने म्हणाले, "फुडल्या वर्सा एस्टीन ये. खांद्यार घेवक मी येवचंय नाय." ती होडीतून ओरडली, "येयन तर ह्याच बंदरात, बोटीनच येयन! आनी तुझ्याच खांद्यार बसान उतरान!"

आणि पुढच्या मोसमाला बोटी बंद झाल्या.

शब्द म्हणजे शब्द. कोकणात रेल्वे आली, आक्का आली नाही. विमान आलं, आक्का आली नाही. दरवर्षी चतुर्थीला तिचा फोन येतो. "बोट सुरू झाली?" "नाय अजून." "बरा तर." एवढंच बोलणं. फोन ठेवला की दाजी जेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेलो. दाजी पोतं घेऊन पाण्यातून येत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "दाजी, सत्तेचाळीस साल कशाला हवं? आक्काला रेल्वेने आणा. मालवणला पर्यटकांच्या बोटी ढिगाने आहेत, एक ठरवू. तिथून बसवून थेट इथे. बोट ती बोट. शब्दही राहिला."

मला वाटलं, ते उडी मारतील. ते पोत्यावर बसले.

"ता माका म्हायत नाय असा वाटता तुका?" ते म्हणाले. "कितकी वर्सां झाली, म्हायत आसा. पन बोट धाडलंय, आनी आक्का इलीच नाय तर? आता कसा, बोट नाय म्हनान आक्का येना नाय. सरकारान अडवल्यान. मी नाय."

देशाच्या पंचवीस वर्षांच्या धोरणाआड एक भाऊ लपून बसला होता.

तेवढ्यात मागून काकी आल्या. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि तो चालू होता. माडाआडून त्यांनी सगळं ऐकलं असणार. त्यांनी फोन दाजींच्या हातात कोंबला. "आक्का आसा. बोला."

"गुण्या," फोनमधून थकलेला आवाज आला. "चवथ अजून लांब आसा. काय झाला?"

दाजींनी फोन दोन्ही हातांत धरला. "आक्का... बोट आसा. बारकी आसा. मालवणातसून हयसर. येशीत?"

लाटेचा आवाज तिकडे तिला ऐकू येत असणार.

"उतरून घेवक कोन आसा?"

"मी."

"तू म्हातारो झालंस. उचलशीत माका?"

"रोज नारळांचा पोता उचलतंय गो आक्का."

"म्हंजे मी पोता काय रे मेल्या?" आणि ती हसली. हसता हसता तिला खोकला आला. "तो फणसाचो दरवाजो अजून आसा?"

"आसा."

"मगे तेका तेल लाव. मी येतंय."

फोन बंद झाला. दाजी तो तसाच कानाला लावून बसले. मग उठले, पाण्यात गेले, या वेळी पोतं न घेता. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, "माझी आक्का येता. तिका सुखरूप ह्या बंदराक लाव रे म्हाराजा."

किनाऱ्यावर गाव नव्हता. काकी पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. उत्तर द्यायला मी एकटाच होतो.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.