गजूचा पहिल्या रांगेतला रुमाल

एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारे आपण सगळेच. पण विद्वानांच्या परिषदेत, एसी हॉलमध्ये, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरणारा माणूस मी एकच पाहिला. आमचा गजू ढोके.

गजू आणि मी नागपुरात एकाच गाईडच्या हाताखाली पीएचडी करतो. त्याचा विषय, न दिसलेली घुबडं. हसू नका, खरंच. एखाद्या रानात पुन्हा पुन्हा जायचं, घुबड दिसलं की नाही ते टिपायचं आणि दिसलं नाही तरी ते तिथं असण्याची शक्यता किती, याचं गणित मांडायचं. हे गणित त्याच्या अंगात इतकं भिनलंय, की हा प्राणी कशालाच सरळ 'नाही' म्हणत नाही. कँटीनमध्ये विचारलं, "गजू, पोह्यावरची तर्री संपली काय बे?" तर तर्रीच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वाकून पाहणार आणि म्हणणार, "दिसून तं नाही राहिली. पण दिसली नाही म्हणजे नाहीच, असं नसते ना गा!" बाप्पा! याच्या भरवशावर राहिलं तर उपाशी मरायची पाळी.

परिषदेत तर आणखी तमाशा. पुण्यात एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक त्या रुमालाच्या खुर्चीत बसायला आले, तर हा मंचावरून धावत खाली.

"सर, इथं कोणी येणार हायेत."

"कोण?"

"येतीनच असं नाही. पण शक्यता हाये."

बिचारे मागच्या रांगेत गेले. मग गजूनं सगळं प्रेझेंटेशन त्या रुमालाकडे पाहून दिलं. रुमालाला घुबडांचं गणित पक्कं समजलं असेल, हॉलमधल्या कुणालाही समजलं नाही. भोपाळला तेच, डेहराडूनला तेच, आणि खुर्ची शेवटपर्यंत रिकामी. मला वाटायचं, पोरीबिरीचं काही प्रकरण असेल.

डेहराडूनहून परतताना गाडीत खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. रुमाल बापासाठी होता. गजूचे बाबा इतवारीत हातगाडी ओढतात, भांड्यांच्या दुकानांचा माल पोचवतात. पोरगा न दिसलेली घुबडं मोजतो म्हटल्यावर ते म्हणाले होते, "मंग दिसलेले कोण मोजते?" बापानं एकदा समोर बसून आपलं काम पाहावं, गजूला एवढंच हवं होतं. दर परिषदेच्या आधी तो बोलवायचा आणि बाबा म्हणायचे, "पाहू."

"अबे येड्या, 'पाहू' म्हणजे नाही! लहान पोराले बी समजते," मी म्हणालो.

"असं नसते ना गा," म्हणत त्यानं रुमालाची नीट घडी घातली.

यंदा परिषद नागपुरातच होती, मिहानजवळच्या एका हॉटेलात. आता तरी म्हातारा येईल, असं मलाही वाटलं. रुमाल पडला. गजूची पाळी आली तरी खुर्ची रिकामी. पहिल्याच वाक्याला तो अडखळला. मला त्याच्या बापाचा असा राग आला, की फोन लावायला मी ताडकन उठून बाहेर गेलो.

दाराबाहेर चकचकीत फरशीवर एक चपलांचा जोड होता. झिजलेला, नीट भिंतीला लावून काढलेला. मागं वळून पाहिलं, तर दाराच्या पडद्याआड गजूचे बाबा अनवाणी उभे.

"काका, पुढं जागा धरली हाये ना तुमच्यासाठी!"

"राहू दे बाबू. मी समोर दिसलो तं घाबरन तो. शाळेत बी तसंच करे."

तिकडे मंचावर गजूचं बोलणं कसंबसं संपलं होतं. पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "घुबड एकदाही दिसलं नाही, तरी ते तिथं आहे असं कशावरून म्हणता?"

हा गजूचा हक्काचा प्रश्न. पण त्यानं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "नसेलच, सर."

गजूच्या तोंडून असलं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं. "काका, तो तुम्हालेच शोधून राहिला," मी म्हणालो.

बाबा पडद्याबाहेर आले आणि वर्गात पोरं करतात तसा हात वर केला. अध्यक्षांना वाटलं, यांना काही विचारायचंय. माईक मागं आला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"प्रश्न नाही जी. मी आलो, येवढंच सांगाचं होतं."

हॉल हसला. गजू खाली उतरला, खुर्चीवरचा रुमाल उचलून बापासाठी जागा मोकळी केली आणि त्याच रुमालानं नाक पुसत प्रश्न विचारणाऱ्याकडे वळला.

"सर, मघाचं उत्तर चुकलं. हाये."