तळ्यावरचा निवद

मनुबाईच्या तेराव्याचे पाहुणे पांगले आणि दादासो शेततळ्यावर माशांना खाद्य टाकायला गेला. त्या दिवशी कळले, की मासेही गेले. गोळ्या पाण्यावर तरंगत राहिल्या. एकही रोहू वर आला नाही.

हे मासे त्याच्या बायकोने, मनुबाईने वाढवले होते. समुद्रातली मासळी न मिसळता, नुसत्या पेंडीच्या खाद्यावर रोहू पोसतो का, असा विद्यापीठाचा प्रयोग होता. पुढच्या सोमवारी विद्यापीठाच्या संयोगिता मॅडम बघायला येणार होत्या. मासे दिसले नाहीत तर प्रयोग बंद, आणि बायकोचे मागे राहिलेले एवढेच काम संपणार.

"मेलं असतं तर वर तरंगलं असतं गड्या," शेजारचा कृष्णात म्हणाला. "ही रुसल्यात. बाईच्या हातची म्हस तुला धार काढू देत न्हाई, तवा काय करतोस?"

"हिचं लुगडं नेसून बसतो."

"मग नेस की!"

दिवस बुडताना दादासो मनुबाईची हिरवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन काठावर बसला. पहिली मूठ टाकली आणि तळे उकळल्यासारखे झाले. मासेच मासे! वारा पडला होता, तरी त्याच्या मानेला गार लागले. तेवढ्यात बांधावरून मनुबाईची मैत्रीण बनुबाई किंचाळली आणि चपला तिथेच टाकून पळाली.

सकाळी पाण्यात दहीभात होता. दुसऱ्या दिवशी भाकरी आणि उकडलेली अंडी. गावातल्या बाया यायच्या, निवद तळ्यात सोडायच्या आणि मागे न बघता पळायच्या.

सोमवारी दादासोने लाज सोडून साडी नेसली, आणि मासे बघून मॅडम खूश झाल्या. मग त्यांना भात दिसला.

"दादासो, बाहेरचं खाद्य पडलं तर माझा प्रयोग कसला? हे आजच्या आज थांबलं नाही, तर मी बंद करते."

दादासो साडी सोडून तडक बनुबाईच्या दारात गेला. "वैनी, निवद थांबवा. भूतबीत काय न्हाई. साडी नेसून मीच बसलो हुतो."

"आवं भावजी, तुमाला म्या तवाच वळकलं. पदराखाली मिशा दिसत हुत्या की!"

"मग वराडलासा कशापायी?"

"तुमच्या शेजारी बसली हुती, तिला बघून."

दादासो उंबऱ्यावरच बसला.

"निवद थांबवते मी," बनुबाई म्हणाली. "पर तिला तुमीच सांगा. लय तापट हाय ती."

निवद थांबले. प्रयोग चालू राहिला. दादासो रोज साडी नेसून काठावर बसतो, एका अंगाला जरा सरकून. मासे येतात. शेजारी वळून बघणे अजून त्याला जमलेले नाही. मनुबाईला सांगायचेही राहिले आहे.