तिसरा दगड

दुपारी विहीण जेवायला यायची होती आणि वत्सलाबाईच्या घरात जळणाची काडी नव्हती. गॅस होता. पण "गॅसवरच्या मटणाला चव नसती, आमच्यात चुलीवरचंच," असं तिनंच विहिणीला फोनवर ऐकवलं होतं. शेजारी केशरबाईकडं जळण भरपूर होतं. पण "केशरीच्या दारात काडी मागायला गेले तर नावाची वत्सला न्हाई," हेही पोळ्याच्या भांडणात तिनंच साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं.

राहिला घरामागच्या चढावरचा बाभळीचा ओंडका. वाळून खडखडीत.

तिच्या लेकानं, उत्तरेश्वरनं, डोक्यावर चुंबळ ठेवली. सहा हंगाम ऊस तोडलेला गडी. "आबा, तुमी नुस्तं टोक उचला. मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढतो मी, ह्ये काय हाय!"

"उसाची मोळी न्हाई ती, बाभळ हाय," वत्सलाबाई म्हणाली. "पहार लावा."

तिच्या नवऱ्यानं, बंकटआबांनी, जोर केला. ओंडका वीतभर कलला, चुंबळ खाली पडली. मग आबांनी उताराच्या अंगाला एक चपटा दगड अडकवला आणि बापलेक निमूट पहार आणायला गेले.

"बापातच अक्कल न्हाई, लेकात कुठून येणार," असं म्हणत वत्सलाबाई खाली बसली आणि तिची नजर त्या दगडावर गेली. मोठ्या पातेल्यासाठी अंगणात चूल मांडायची, तर सकाळपासून तिला दोनच सारखे दगड सापडले होते. हा तिसरा, अगदी जोडीचा. तिनं तो ओढून काढला.

ओंडका निघाला. घरंगळत उतार उतरला, केशरबाईचं काट्याचं कुंपण मोडून आत शिरला आणि तिच्या अंगणातल्या चुलीला धडकून थांबला. चुलीच्या एका दगडाचे दोन तुकडे झाले.

केशरबाई बाहेर आली. कुंपणाच्या भगदाडात वत्सलाबाई उभी, हातात दगड.

"काय गं, आता दगूड घेऊन भांडणार व्हय?"

वत्सलाबाई आत आली, फुटक्या दगडाच्या जागी हातातला बसवला, हलवून पाहिला. "घट हाय. पातेलं आणते."

पहार घेऊन आलेला उत्तरेश्वर थक्क झाला. "आये, ओंडका हितं कुणी आणला?"

"मी. एकटीनं. फोड आता."

दुपारी विहीण बोटं चाटत म्हणाली, "चव हाय बरं चुलीला! पर चूल कुणाची ही?"

वत्सलाबाईच्या हातातली पळी थांबली. केशरबाईनं तिच्याकडं पाहिलं.

"दोघींची हाय," केशरबाई म्हणाली. "तिसरा दगूड यांचा."

विहिणीसाठी राखलेली मटणातली नळी वत्सलाबाईनं केशरबाईच्या ताटात वाढली.