हाजींनी न प्यायलेली कॉफी

करक गावात मुलगी मागायला मंडळी निघाली की पुढारीपण हाजी मिथ्कालांकडे, हे ठरलेलंच होतं. अशा मंडळीला तिथे जाहा म्हणतात. हाजींनी एकतीस जाहा नेल्या होत्या आणि त्यातली एकही नकार घेऊन परतली नव्हती. आज बत्तिसावी, तीही पुतण्यासाठी. भाऊ गेल्यापासून निदालला त्यांनीच वाढवलं होतं, म्हणून ही जाहा बाकीच्या एकतीस जाहांपेक्षा त्यांना जड वाटत होती.

"यंत्र लावा कानात," त्यांची बायको फिद्दा अगदी समोर येऊन म्हणाली. "तीन महिने कपाटात पडलंय."

"पन्नास माणसांसमोर कानात चणे कोंबून बसू?"

"आणि ऐकू नाही आलं तर?"

"ऐकायचं काय आहे त्यात? मी कॉफीचा पेला हातात घेतो, न पिता समोर ठेवतो, मुलगी मागतो. मुलीचा बाप दोन्ही घराण्यांचं कौतुक करतो आणि म्हणतो, कॉफी घ्या. मी घेतो. झालं लग्न. चाळीस वर्षांत यातला एक शब्द बदललेला नाही, बाई."

यंत्र निदालच्या खटपटीने मिळालं होतं. बहिऱ्यांच्या संस्थेचं एक केंद्र आहे, तिथली गाडी तो चालवतो. रुबा तिथेच शिकवते. ती जन्मापासून बहिरी. मुलांना खुणांची भाषा शिकवते आणि दर मंगळवारी म्हाताऱ्यांचा वर्ग घेते. उतारवयात कान गेले की माणसांत कसं वावरायचं, ते सांगते. हाजी त्या वर्गाला एकदाच गेले होते. मागच्या खुर्चीवर बसले, शेजाऱ्याला सोडायला आलोय असं सांगितलं आणि चहा पिऊन निघाले. रुबाने सगळं ओळखलं होतं. पण केंद्रातल्या माणसांच्या गोष्टी ती घरी काढत नसे. आणि आजची मागणी तिच्यासाठीच होती.

रुबाचे वडील अबू हातेम. त्यांच्या बैठकीत भिंतीला टेकून दोन्हीकडची मिळून पन्नास माणसं बसली. निदाल दाराजवळ, मान खाली घालून. हाजींनी पेला घेतला, समोर ठेवला आणि मुलगी मागितली. आवाज जरा जास्तच खणखणीत लागला, पण पुढाऱ्याला तो शोभला.

मग अबू हातेम बोलू लागले. माणूस मृदू आवाजाचा, आणि मिशा अशा की ओठ कुठे आहेत ते फक्त जेवताना कळावं. हाजींची सगळी भिस्त त्या ओठांवर होती. मिशा हलल्या, थांबल्या, पुन्हा हलल्या. लवकर पेला उचलावा तर अधाशी ठरायचं. अशी घाई केलेल्या एका पुढाऱ्याला लोक अजून हसतात. हाजींनी ठरवलं, आपण थांबायचं.

"कॉफी घ्या हाजी, मुलगी तुमचीच आहे," अबू हातेम म्हणाले होते.

हाजींनी गंभीरपणे मान डोलावली आणि पेल्याला हातही लावला नाही.

अबू हातेमना वाटलं, पाहुण्यांच्या मनात काहीतरी अडतंय. "वेगळ्या घराचा आग्रह आम्ही सोडला. पोरं तुमच्या वरच्या मजल्यावर राहतील. आता घ्या."

हाजींनी पुन्हा मान डोलावली.

"बरं, लग्नाचं जेवणही आमच्याकडे. मन्सफचा मटण-भात आम्हीच करू, बकरे आमचे."

हाजी मंद हसले. मुलाकडचा एक म्हातारा दुसऱ्याच्या कानाशी लागला. "काय माणूस आहे बघ. अजून पिळतोय."

निदालला घाम फुटला. त्याने अंगठा तोंडाकडे नेऊन काकांना खूण केली, प्या म्हणून. हाजींनी ती पाहिली. "अरे, पोराला पाणी द्या कोणीतरी," ते गरजले. पाणी आलं. निदाल ते मुकाट्याने प्यायला. कॉफी वाढणाऱ्याने गार झालेला पेला नेऊन नवा ठेवला, तोही तसाच राहिला.

शेवटी अबू हातेम उठून उभे राहिले. "समजलं मला. वेगळं घर सोडलं, जेवणाचा खर्च अंगावर घेतला, तरी पेला तिथेच. म्हणजे मुलगीच नको आहे. हिच्यामुळे ना?" त्यांनी आपल्या कानावर दोनदा बोट आपटलं. "बहिरी सून नको होती, तर माझ्या दारात कशाला आलात?"

हे बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं, एकाला सोडून. हाजींना दिसलं ते फक्त कानावर आपटणारं बोट. म्हणजे यांना कळलं. कोणीतरी चुगली केली. म्हणून हा माणूस इतका वेळ बोलतोय आणि होकार देत नाहीये. तीन वर्षं जी लाज पदरात बांधून फिरलो, ती आता या पोराच्या मुळावर आली. त्यांना निदालच्या तोंडाकडे बघवेना.

ते उठले. "खरं आहे, अबू हातेम. कान गेलेत माझे. तीन वर्षं लोकांच्या तोंडाकडे बघून मान हलवतोय. अजान झाली की नाही, ते घड्याळात बघतो. पण यात पोराचा काय दोष? त्याचे कान चांगले आहेत. बहिऱ्याचं घर म्हणून त्याला परत पाठवू नका. माझी अडचण असेल तर मी लग्नाला येत नाही. लांबूनच दुवा देईन."

 

अबू हातेम बैठक ओलांडून आले आणि हाजींना हाताला धरून खाली बसवलं. समोर मांडी घातली. हाजींच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या घरात रुबाशी बोलण्याआधी सगळे तसंच करतात. मग त्यांनी दोन बोटांनी आपली मिशी वर उचलून धरली आणि सावकाश म्हणाले, "कॉफी घ्या. मुलगी तुमची."

हाजींनी पेला एका घोटात संपवला. मग त्यांनी हळूच विचारलं, निदान त्यांना तरी ते हळू वाटलं, "माझ्याबद्दल तुम्हाला सांगितलं कोणी?"

"कोणीच नाही. मी माझ्या मुलीबद्दल बोलत होतो."

हाजींनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते आणि हसत कोणीच नव्हतं.

तेवढ्यात आत बायकांनी जिभा हलवून आनंदाची अशी किलकारी दिली की भिंती दणाणल्या. त्या घरात ती ऐकू न आलेली माणसं दोनच. एक पडद्याआड उभी होती आणि आईचं तोंड बघून हसू लागली होती. दुसरे हाजी. बैठकीतली सगळी माणसं एकदम का खुलली, हे त्यांना कळेना.

"आता काय झालं?" त्यांनी विचारलं.

अबू हातेमनी पुन्हा मिशीला बोटं लावली.