गॉलवेत भाजी कुठं घ्यावी

सांगलीच्या मंडईत भेंडी निवडता निवडता आमचे शेजारी बाळगोंडा आण्णा शेजारच्या अनोळखी बाईंना सांगतात, "आयर्लंडला गेलासा, तर गॉलवेत भेंडी पुलापलीकडच्या देशी दुकानात घ्या. मोठ्या दुकानातली नुसती दिसायला." त्या बाई फार तर मिरजेपर्यंत जाणाऱ्या असतात. पण आण्णांनी माणूस बघून सल्ला कधी दिलेला नाही.

हळदीचं दुकान पुतण्यावर सोपवून आण्णा गेल्या हिवाळ्यात तीन महिने गॉलवेला राहून आले. त्यांची एकुलती एक लेक पद्मा तिथं नर्स आहे, एकटी राहते. पद्माची आई वारल्यापासून या बापलेकीला एकमेकांशिवाय जवळचं कुणी नाही.

आण्णा पक्के जैन. कांदा-बटाटा वर्ज्य, आणि गेले ते नेमके बटाट्याच्या मुलखात. शनिवारच्या बाजारात बटाट्यांच्या ढिगाला वळसा घालून ते कोबी घेत आणि सवयीनं पिशवी पुढं करून म्हणत, "वर कोथिंबीर टाका की." भाजीवाल्या गोऱ्या बाईला मराठी काय कळणार? पण पिशवी कळली. तिनं एक सफरचंद टाकलं. "माणसं लय चांगली हायत. आपल्याला मागता आलं पायजे," हा आण्णांचा निष्कर्ष.

सूर्याशी मात्र त्यांचं जमलं नाही. दिवस मावळल्यावर आण्णा अन्नाला शिवत नाहीत, आणि तिथं हिवाळ्यात साडेचारलाच अंधार. "चार वाजता ताट घिऊन खिडकीत बसायचो," असं ते रंगवून सांगत आणि आम्ही पोट धरून हसत असू.

उन्हाळ्यात ते पुन्हा जाणार होते. तिकीट बघणं चाललं होतं, तेवढ्यात हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी विमान कायमचं बंद केलं. तेव्हापासून मंडईतले सल्ले वाढले.

परवा माझ्या भाचीला गॉलवेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. म्हटलं, आण्णांना एकदाचं खरं गिऱ्हाईक मिळालं. तिला घेऊन गेलो. तूरडाळ कुठली, पीठ कुणाकडचं, सगळं सांगून झालं.

"पोरी, पद्माकडं जात जा," मग आण्णा म्हणाले. "पर रात्री आठाला जा. ती तवा ड्युटीवरनं येती. रोज दोन ताटं मांडायची. 'आण्णा, एकच घास' म्हणायची. मी म्हणायचो, नेम हाय, मोडायचा न्हाई. शेवटी शेवटी एकच ताट घ्याय लागली."

भाचीनं त्यांचा हात धरला.

"तिला म्हणलं हुतं, उन्हाळ्यात येतो," आण्णा म्हणाले. "तिथं उन्हाळ्यात दहापतोर उजेड असतोय. तवा जेवू संगं. आता तू जेव तिच्याबरोबर."


भाची "हो आजोबा" म्हणाली. आण्णांनी मान हलवली आणि म्हणाले, "सावकाश जेव. लगेच उठू नगंस."