सरासरी पाच वाजून सात मिनिटं

"काका, फक्त काच पुसायची. काट्यांना हात लावायचा नाही, आणि घड्याळ चालू तर मुळीच करायचं नाही."

त्या मुलीने हे एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. ती दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची, पुराव्याशिवाय बोलायची नाही. तिचे वडील तीन आठवड्यांपूर्वी गेले आणि त्याच मिनिटाला घरातलं लंबकाचं घड्याळ थांबलं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"दादा म्हणतो, सगळे मनाचे खेळ. रविवारी येतोय. त्याच्यासमोर नुसतं हे घड्याळ ठेवणार. बाबा असेच निघून गेले नाहीत, एवढं त्याला कळलं की झालं."

"निर्धास्त जा, ताई," घड्याळजी म्हणाले. "एकतीस वर्षांत माझ्या हातून काम बिघडलंय, असं कोणी दाखवून द्यावं."

काम बिघडलं नाहीच. शुक्रवारी त्यांनी काच पुसली. काच पुसल्यावर आतली धूळ दिसली. धूळ झटकल्यावर सुकलेलं तेल दिसलं. पुढचं सगळं हातांनी परस्पर केलं. एकतीस वर्षांचे हात, ते कुणाला विचारतात? डोळ्याचं भिंग काढून घड्याळजी समाधानाने मागे टेकले, तेव्हा पूर्ण चावी दिलेलं ते घड्याळ नव्या नवऱ्यामुलासारखं ऐटीत टकटकत होतं, आणि दुकानातल्या बाकी घड्याळांबरोबर त्यानेही अकराचे टोले दिले.

अकराव्या टोल्याला घड्याळजींना घाम फुटला. आधी किती वाजले होते?

पावतीवर नुसतं 'काच' लिहिलेलं. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर साडेतीन स्वच्छ उभे होते. खात्री करावी म्हणून बायकोला विचारलं.

"पावणेपाच," ती म्हणाली. "चहा द्यायला आले तेव्हा नजर गेली होती माझी."

समोरच्या न्हाव्याला विचारलं.

"सात वाजून पाच. कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगतो." आणि सांगताना त्याचा हात खरोखरच एका डोक्यावर होता.

तिघांनी डोळ्यांनी पाहिलेलं, तिघंही प्रामाणिक, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. शेवटी घड्याळजींनी पाठकोरा कागद घेतला आणि तिन्ही वेळांची चक्क सरासरी काढली. पाच वाजून सात मिनिटांना काही सेकंद कमी. काटे तिथे आणले, बोटाने लंबक थांबवला, आणि देवाची क्षमा मागितली.

शनिवारी मुलगी आली. घड्याळासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरून आले.

"हेच," ती हळूच म्हणाली. "पाच सात. मोठा काटा असाच जरा कललेला. मी विसरणंच शक्य नाही, काका."

घड्याळजींना आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायशाचीच लाज वाटली.

रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला. "काका, असाल तसे निघून या."

घरात शेजारीपाजारी दाटीवाटीने बसलेले. भिंतीवर घड्याळ चालू. मधोमध दादा, मनाचे खेळवाला.

"मी समोर उभा होतो. मनात म्हटलं, बाबा, खरं असेल तर दाखवा. आणि टकटक सुरू! हात लावला नव्हता मी."

"दादा, तिरकं टांगलंय म्हणून तू सरळ केलंस की," बहीण म्हणाली.

"ते सकाळी. तुला काय आठवतंय?"

घड्याळजींना सगळं लख्ख समजलं. सरळ करताना घड्याळाला धक्का बसला, लंबक हलला, आणि चावी तर काठोकाठ होती. आता कबूल करायचंच, असं ठरवून त्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्या दोघांच्या आईंची हाक आली. "घड्याळजी, पाणी प्यायला आत या."

आईंनी पेला पुढे केला. "चावी तुम्हीच दिलीत ना?"

"दिली. तेलसुद्धा घातलं. आई, चुकलं माझं. आत्ता बाहेर जाऊन सांगतो."

"बसा खाली. हे जायच्या चार दिवस आधीच ते घड्याळ बंद पडलं होतं."

घड्याळजी पेल्यासकट खाली बसले.

"दुरुस्तीला टाकून ये म्हणून हे माझ्या मागे लागले होते. मी उद्या उद्या करत राहिले."

"मग ताईंना सांगितलं नाहीत?"

"सांगायला गेले होते. पण त्या काट्यांकडे बघून ती रडायची थांबली, आणि माझी जीभ उचलेना." बाहेरून मुलाचा आवाज येत होता, तो बाबांची एकेक आठवण काढत होता. आईंनी थोडा वेळ ऐकलं. "हा दोन वर्षं यांच्याशी धड बोलला नव्हता. बघा, आता कसा सुटलाय."

मग आईंनी आवाज खाली आणला.

"आठ दिवसांनी थांबेल का हो ते?"

"चावी नाही दिली तर थांबेल."

"माझ्याने स्टुलावर चढवत नाही. पोरगी शनिवारी सकाळी कामावर असते. चावी द्यायला याल का? शब्द द्या मला."

घड्याळजींनी पेला रिकामा केला. "दिला," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी त्यांनी दुकानाची फळी अर्धी लावली. बायकोने विचारलं, "आत्ता कुठे?"

"जवळच. आता दर शनिवारी जावं लागेल."

वाटेत कोणी अडवलंच तर काय सांगायचं, याचा विचार करत ते दोन गल्ल्या चालले. काहीच सुचेना. मग चावी खिशात आणखी खोल सारली आणि त्यांनी पाय उचलला.